नांगराआधीचं गाऱ्हाणं

समस्त मस्कतवासी मराठी जनहो, अत्यंत गंभीर निवेदन आहे: आमच्या ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, शिडाच्या यॉटवर जेवण कधीही गरम मिळत नाही. याला जबाबदार ती यॉट हाकणारा मालवणी तांडेल. खसबजवळच्या कोळ्यांच्या गावापुढे पोचलो, की तो हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालतो. आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय नांगर टाकत नाही. टाकल्यावर तो तळाला घट्ट रुतला का हे कळावं म्हणून इंजिन उलटं चालवून साखळी ताणतो, किनाऱ्यावरची पाण्याची टाकी मशिदीच्या मनोऱ्यासमोरून हलते का ते बघतो आणि पुटपुटतो, "सराकता हा. परत."

परत नांगर वर, परत गाऱ्हाणं, आणि तोवर जेवण बंद!

त्या दुपारी वारा चढला होता. तिसऱ्यांदा नांगर उचलला तेव्हा अर्बाब कडाडला, "खलास! बिर्याणी ठंडा हो गया!" आम्हीही रुसून बसलो. तांडेलाने शांतपणे हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तारवाची राखण कर रे म्हाराजा!"

कोणी उत्तर देईना. तोही जोडलेले हात सोडीना. यॉट वाऱ्याने मागे सरकू लागली. अर्बाबने मागे वळून जवळ येणारे खडक पाहिले आणि बिर्याणीचा चमचा उंच धरून ओरडला, "व्हय म्हाराजा!"