लावणीच्या आठवड्यातलं प्रशिक्षण

नव्या लाइनमनांचं प्रशिक्षण मी भातलावणीच्या आठवड्यात ठेवलं. मावळात जन्मून, मावळातच नोकरी करून ठेवलं.

याला कारण माझा मित्र. वीज कंपनीत आम्ही एकदमच लागलो, दोघंही अभियंते, टेबलं शेजारीशेजारी. पण माणसं त्याच्याकडे गप्पा मारायला येतात आणि माझ्याकडे सहीला. त्याच्या डब्यातली भाकरीसुद्धा माझ्या भाकरीपेक्षा मऊ असते. हे मी खाऊन तपासलेलं आहे.

तेव्हा तुंगार्लीत, तळ्याच्या अंगाला, कंपनीचं प्रशिक्षण केंद्र निघायचं होतं. जुने वायरमन निवृत्त होत चाललेले, तळेगावकडे कारखाने वाढत चाललेले, लोणावळ्यात बंगल्यांच्या तारा जमिनीखाली गेलेल्या आणि त्या केबलला नीट सांधा मारणारी माणसं सापडता सापडेनात. कुणाला, काय आणि कधी शिकवायचं याचा आराखडा साहेबांनी आम्हा दोघांकडून मागवला. सोबत एकेक तुकडी दिली. ज्याचं काम बरं, त्याच्या हाती केंद्र.

मी उगाचच एकदा ती जागा बघून आलो. प्रमुखाच्या खोलीतून तळं दिसतं. त्या खिडकीशी मित्र चहा पीत उभा आहे असं डोळ्यांपुढे आलं आणि दुपारचा डबा मला गोड लागला नाही.

मित्रानं त्याच्या तुकडीचे वर्ग ऑगस्टात ठेवले. मी ताबडतोब माझे जुलैत ओढले. त्याच्याआधी संपवायचे, यापलीकडे त्यात काही विचार नव्हता. माझ्या आराखड्यात रंगीत तक्ते होते, लावणीला मात्र रकाना नव्हता. वराळ्याचं आमचं शेत वडिलांनीच विकलं. तिथं आता इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत, चौथ्या मजल्यावर, मी राहतो. तिथं लावणी कधी आली नि कधी गेली, पत्ता लागत नाही.

"जमेल ना रे सगळ्यांना?" असं मी पोरांना विचारलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. साहेब विचारतोय म्हटल्यावर आपल्याकडे मान हलवायचीच असते.

पहिल्या दिवशी साहेब पुण्याहून बघायला आले. वर्गात लोणावळ्याच्या बाजारातली एकटी मुलगी. तिच्या घरी शेत नव्हतं. मी एका पोराला फोन लावला.

"कुठं आहेस?"

"वावरात, सायेब. इर्जिक हाय."

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून आज याची लावणी उरकायची, उद्या त्याची. मजुरी नाही, जेवण तेवढं.

"कुणाकडे?"

तो घुटमळला. "तुमच्या दोस्ताच्या हितंच. समदीच हायेत. तुमी बी या की."

माझी तुकडी मित्राच्याच गावाच्या आसपासची होती, हे तक्ते रंगवताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"चला, बघू तरी," साहेब म्हणाले. गाडीत मी मित्रानं माझी पोरं पळवल्याचं निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिलो. साहेब बाहेर बघत होते. त्या मुलीला मात्र मागच्या सीटवर हसू आवरत नव्हतं.

खाचरात पोरं ओळीनं वाकलेली. मित्रानं रीतसर रजा टाकलेली. तो गुडघाभर चिखलात, डोक्यावर पावसापुरती खताची रिकामी पिशवी, आणि त्या अवतारातही बरा दिसत होता. जेवायला सगळे बांधावर आले तेव्हा त्यानं शेताकडेच्या खांबाकडे बोट केलं. खांबाला आधार देणारी ताणाची तार तिरकी जमिनीत उतरलेली.

"हात ओले, पायाखाली पाणी. या ताणाला कोण धरतं बोला?"

"म्या न्हाई बा," एकजण म्हणाला.

"का?"

"करंट उतरला असंल तर?"

"बघायचं कसं?"

पोरं हमरीतुमरीवर आली. एक म्हणे आधी लाइन बंद, दुसरा म्हणे बंद केल्यावर तपासणार कोण, ती मुलगी म्हणाली आधी अर्थिंग. साहेबांची भाकरी हातातच राहिली. हेच उदाहरण माझ्या आराखड्यातही होतं. हिरव्या रंगात.

हात धुता धुता साहेब म्हणाले, "केंद्र यांच्याकडे देऊ. तुम्ही तक्ते छान करता, ते यांना करून देत जा."

"पण साहेब, तुकडी माझी आधी सुरू झाली," मी म्हणालो.

मित्राची आई भात वाढत होती. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. "सायेब, तुमी कुठलं म्हनायचं?"

"वराळ्याचा."

"मावळातलं आसून लावनी कवा आसती ठावं न्हाई," ती माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "आन् तुमी पोरांस्नी काय शिकिवनार?"