ताकदीचं औषध

चौकातल्या बेकरीत केकवर नावं काढायची म्हणून सगळे तिला केकवालीच म्हणत. गालांवर लाल चट्टे उठले तेव्हा घरच्या डॉक्टरांनी बोळवण केली, "भट्टीची धग लागतेय." बोटं सुजून क्रीमची पिशवी दाबवेना, तर म्हणाले, "फार मनावर घेता तुम्ही." पाय सुजले, लघवीतून प्रथिनं जायला लागली, तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: ल्युपस. शरीर स्वतःच्याच जिवावर उठलं होतं आणि आता मूत्रपिंडांपर्यंत पोचलं होतं.

हे डॉक्टर मात्र समजावून सांगणारे. म्हणाले, "एक उपाय इंजेक्शनांचा, दर महिन्याला सलाईनमधून. पण त्यानं मूल होण्याची आशा कायमची जाऊ शकते. दुसरा गोळ्यांचा. त्या चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, बंद केल्यावर मात्र हरकत नाही. तुम्हाला दोन्ही चालतील. काय हवंय?"

"गोळ्या. मला मूल हवंय."

शेजारी ताई बसली होती. आई गेल्यावर हिची वेणीफणी, शाळा, लग्न, सगळं तिनंच केलेलं. ताईनं तिचा हात घट्ट धरला.

गोळ्या सुरू व्हायच्या आतच आजार भडकला. दवाखान्यात ग्लानीतून डोळे उघडले, तर हाताला सलाईन.

"हे काय गं?"

"ताकदीचं औषध. पड गुपचूप."

मग ताई तिला दर महिन्याला ते सलाईन लावायला न्यायची, घरी गोळ्यांचा डबाही स्वतःच भरायची. मूठभर गोळ्यांत आपली ठरलेली असणारच, असं ती धरून चालली. ताईला काय विचारायचं?

सूज उतरली. ती पुन्हा केकवर नावं काढू लागली. आणि पाळी चुकली. ती हरखली, घाबरलीही. कुणाला न सांगता एकटीच डॉक्टरांकडे गेली.

"दिवस गेले नसावेत," डॉक्टर जपून म्हणाले. "या इंजेक्शनांनी पाळी थांबू शकते. बोललो होतो ना आपण?"

"कसली इंजेक्शनं?"

डॉक्टरांनी तिची फाईल पुन्हा चाळली. मग म्हणाले, "तुम्ही विचार बदललात, असं तुमच्या ताईंनी सांगितलं. शुद्धीवर आल्यावर मी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

तपासण्या झाल्या. पाळी परतण्याची आशा फार थोडी होती.

घरी येऊन तिनं जाब विचारला, तेव्हा ताई कपड्यांच्या घड्या करत होती. ताईनं ऐकून घेतलं, नाकारलं नाही. "गोळ्यांनी भागलं नसतं तर? मला तू जिवंत हवी होतीस."

"मला विचारायचं तरी."

"नाही म्हणाली असतीस."

"मग माझं ‘नाही’ कुणाकडे ठेवायला दिलं होतं मी?"

ताई रडायला लागली. तेवढ्यात दारातून केकवालीचा नवरा हळूच म्हणाला, "तिला एकटीला बोलू नकोस. मलाही माहीत होतं."  केकवालीला भांडायचंही त्राण उरलं नाही.

मूत्रपिंडं सुधारली. गोळ्यांनीही सुधारली असती का, हे आता कोण सांगणार? बेकरीतली माणसं म्हणतात, बहीण असावी तर अशी. ती मान खाली घालून अक्षरं काढत राहते. नवऱ्याशी कामापुरतं बोलते. डबा स्वतः भरते, प्रत्येक गोळीचं नाव वाचून. दवाखान्यात ताई अजून सोबत येते, तिला नको म्हणवत नाही. पण नाव पुकारलं, की ती एकटीच उठते आणि आत जाऊन दार लावून घेते.