खिसे उलटे केलेला माणूस

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पण ती पदवी एका खोलीवर अडली होती.

लातूरला बारावीच्या क्लाससाठी आले तेव्हा खोली मिळाली ती एका मुसलमान गवंड्याच्या घरात. घरी मी एवढंच सांगितलं, "मालक गवंडी हायेत, क्लास जवळ हाय." आडनाव गिळलं. कारण आमच्याकडं भूकंपाची एकच गोष्ट सांगत: घर पडलं, आजी गेली, आणि मदतीला आलेल्या मुसलमानांनी ढिगाऱ्यातले आईचे सोन्याचे मणी नेले. मी तेव्हा रांगत होते. ती गोष्ट मला पाढ्यासारखी पाठ होती.

लाईट गेली की घरमालक चाचा जिन्यात येऊन बसत. एकदा त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं.

"भूकंपात तुमच्या गावात मी तीन दिवस ढिगाऱ्यातून माणसं काढली, बेटा. चौथ्या दिवशी तुमच्याच लोकांनी उभं करून माझे खिसे उलटे केले." ते हसले. "निघाली काय, तंबाखूची पुडी!"

हसावं की नाही, मला कळेना. सुट्टीत बाबांना विचारलं.

"हाव, घेतली व्हती झडती एका गवंड्याची. मीच घेतली. तुला कोन सांगितलं?"

"मणी सापडले व्हते?"

"न्हाई."

मग खोलीचंही सांगावं लागलं. दुसऱ्याच दिवशी बाबा माझं सामान उचलायला लातूरला आले. वर्ष गेलंच, असं मी धरून चालले.

चाचांनी चहा मागवला आणि विचारलं, "भूकंपात तुमचं कोण गेलं?"

बाबांना हे कुणी विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते बोलतच राहिले. दगडाखालून आजीचा नुसता हात दिसत होता, तो धरून ते दुपारपर्यंत बसले होते. हे आम्हालाही माहीत नव्हतं.

शेवटी बाबा म्हणाले, "तुमचे खिसे मीच उलटे केले व्हते."

"आलात तेव्हाच वळखलं."

"मग चहा कशाला पाजला?"

"पोरीचे वडील म्हणून आलात ना!"

बाबांनी सामानाला हात लावला नाही. फाटकाशी मला म्हणाले, "खोली ऱ्हाऊ दे. जेवन मातर यांच्यात नगं, मेसचा डबा खा."

स्वतः दोन कप चहा पिऊन. मी हो म्हणाले. नेमकं कशाला हो म्हणाले, ते मला अजून उमगत नाही.