रेडिएटरमध्ये ओतलेला हळदीचा डबा

आमची जुनी जीप भंगारात जावी, हा दिराचा हट्ट होता. तिच्यातून मी वेल्ह्याच्या बाजाराला भाजी न्यायचे. जीप गेली की माझं बाहेर पडणंच बंद होणार होतं. रेडिएटर गळायला लागला तशी दिराला आनंदाची उकळी फुटली. "वैनी, आता बसा घरात."

चिमूटभर हळदीनं बारीक भोक बुजतं, असं मी एका ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. पण बाईसाहेबांना, म्हणजे मला, चिमूट माहीत कुठं? वीस माणसांच्या स्वयंपाकाचा हात! अख्खा डबा ओतला आणि दिराला मुद्दाम शेजारी बसवून निघाले.

मार्गासनीच्या पुढं चढावर जीप उकळून बंद पडली. ओढत नेली विंझरला. मिस्त्रीनं रेडिएटर खोलला, तर आत पिठल्यासारखा पिवळा गाळ.

"कुनी केला ह्यो उद्योग?"

मी बेधडक दिराकडं बोट दाखवलं. बोट पिवळंधमक होतं.

"लाव फोन भंगारवाल्याला," दीर मिस्त्रीला म्हणाला.

मग मात्र मी पदर खोचला. मिस्त्रीच्या शिव्या खात, एकेका नळीत तार घालून दिवसभर गाळ काढला. त्यानं भोक झाळून दिलं आणि जीप सुरू झाली.

"बसा भावजी, सोडते घरी."

तो चालत गेला.

अजूनही माझी आमटी पुढं आली की विचारतो, "वैनी, चिमूट का डबा?"

मी ताट उचलून आत नेते.