पोरींची मानाची कुस्ती

आमच्या गावच्या जत्रेत पोरींची कुस्ती लागते, हे आता कुणाला नवीन राहिलं नाही. पण पहिल्यांदा पोरी मैदानात उतरल्या तेव्हा आमच्या वयाच्या बायांनी तोंडाला पदर लावला होता. मीही लावला असता. पण उतरणारी माझीच नात म्हटल्यावर पदर तोंडाचा काढून कमरेला खोचावा लागला.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अंगाला. दिवाळी झाली की माझा लेक आणि सून ऊसतोडीला जातात, नात माझ्यापाशी राहते. मी मालकाच्या घरी स्वयंपाकाला होते. मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की चुलीवरचं दूधसुद्धा दचकावं. त्यांना एकच लेक. तिला शाळेत कुस्तीचा नाद लागला, तर ह्या माणसानं शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्यासाठी तालीम केली. खाली मऊ मॅट टाकली. शिकवायला अंबाजोगाईहून वस्ताद यायला लागले.

पण कुस्ती काय एकटीनं होते? जोर काढा, बैठका काढा, दोर चढा, शेवटी समोर आपल्या वजनाची जोड लागतेच. गावात दुसरी पोरगी कोण धाडणार? एक दिवस मालक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मावशी, तुमची नात अंगापिंडानं दणकट हाय. धाडा की तिला. माझ्या पोरीला जोड हुईल."

धाडली. दोघी सकाळी एकमेकींची मानगूट धरायच्या आणि दुपारी एका ताटात जेवायच्या. मी भाकरी थापायची आणि या दोघी तव्यावरनं उचलायच्या. असं वर्षभर छान चाललं.

मग एकदा तालुक्याचे कुणी पुढारी तालीम बघायला आले. मालकांनी मोठ्या हौसेनं पोरींची कुस्ती लावली. माझ्या नातीला कुठलं कळतंय, पाहुणे कुणाचे, तालीम कुणाची! तिनं टांग मारली आणि मालकाची लेक चीत. पुढारी खूश झाले. म्हणाले, "वाघीण हाय वाघीण! कुणाची हो ही?" वस्ताद म्हणाले, "स्वयंपाकाच्या मावशीची नात." मालक हसले, पण ते हसणं ओठाच्या आत गेलं नाही.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. मी भज्यांची परात उचलत होते, तेवढ्यात मालक म्हणाले, "मावशी, पोरीला समज द्या. तिला सरावाला आनलंय, चार लोकांत पाडायला न्हाई."

आता गप्प बसायचं की नाही? पण मला ते जमत नाही, जन्मापासून जमलं नाही.

"मालक, कुस्ती म्हनल्यावर कुनाची तरी पाठ भुईला लागनारच. तुमच्या लेकीची लागू न्हाई म्हनून माझ्या नातीनं आधीच आडवं व्हायचं का?"

"लई बोलायला लागलाव. उद्यापासनं तिला तालमीत धाडू नका."

"न्हाई धाडत. अन् मी बी येत न्हाई. भाकरी वस्तादाला थापायला लावा."

वस्ताद बिचारे पायातल्या चपलेकडं बघत राहिले. मी परात तिथंच ठेवली आणि घरी आले. पण खरी शिक्षा झाली ती पोरीला. जत्रेनंतर बीडला जिल्ह्याची निवड होती, आणि ती मॅटवर. मॅटवर पाय ठेवल्याशिवाय तिथं टिकाव लागत नाही, हे वस्तादांनी दोघींना शंभरदा सांगितलेलं. आणि मॅट साऱ्या पंचक्रोशीत एकच, मालकाच्या शेडातली. नात रडली नाही. भिंतीकडं तोंड करून झोपायची नुसती. तिची ती पाठ बघून माझा जीव तुटायचा.

दोन-तीन दिवसांनी सकाळी घरामागं हाक आली.

"आजी, तुमची शेळी आवरा की! शिंग मारतीय मला."

बघते तर मालकाची लेक! अंगात ट्रॅकपँट, तोंडावर घाम.

"तू कावून आलीस गं? तुझ्या बापाला कळलं तर?"

"रनिंगला जाती म्हनून सांगितलंय. आजी, माझी तर लई पंचाईत झालीय. जोड न्हाई, काय न्हाई. वस्ताद म्हनत्यात भिंतीसंगं खेळ."

नात अंथरुणातनं उठली ती थेट तिच्या अंगावरच गेली. दोघी हसत हसत पडल्या.

तेव्हापासनं आमच्या घरामागं तालीम सुरू झाली. जागा कसली, मुरूमच तो. सोयाबीनचं भुसकट पोत्यांत भरून मी खाली अंथरायची, पण या दोघी अशा की घटकाभरात पोती एकीकडं आणि पोरी एकीकडं. मी शेळीचं दावं हातात धरून रस्त्याकडं नजर ठेवायची. कुणी विचारलं तर शेळी चारतेय म्हणायचं. ऐकून ऐकून मलाही डाव कळायला लागले. "अगं पट काढतीय ती, पाय ओढंल, मागं सर!" असं ओरडले की दोघी थांबायच्या. "आजी, तुमी नेमक्या कुनाच्या बाजूच्या?" असं मालकाची लेक विचारायची. काय सांगणार? त्या वेळी मलाच माहीत नव्हतं.

जत्रा आली. मालकांनी पोरींच्या मानाच्या कुस्तीला चांदीची गदा ठेवली. ती आपल्याच लेकीला मिळणार, ह्या खात्रीनंच ठेवली, हे गावाला कळत होतं. मी सरळ कमिटीपुढं गेले आणि नातीचं नाव दिलं. मनात हिशेब असा की पोरीनं गदा मारली, तर अध्यक्ष म्हणून मालकालाच ती तिच्या हातात द्यावी लागेल. गदेवालीला तालमीचं दार बंद ठेवायचं म्हटलं तर गाव काय म्हणेल? दार उघडावंच लागेल.

आदल्या दिवशी मालकाची लेक आली, पण खेळली नाही. दगडावर बसून म्हणाली, "उद्या खरंखुरं खेळायचं. माझी गय करायची न्हाई."

"तू बी करायची न्हाईस," नात म्हणाली.

"आज्जीची शपथ?"

"माझी कशाला गं शपथ?" मी म्हटलं. "तुमच्या कुस्तीपायी मला कावून मारता?"

मैदानाला ही गर्दी! धर्मापुरीकडनं लोक आलेले, परळीचे आलेले. हलगी कडाडत होती. शेवटच्या आधीची जोड ह्या दोघींची. कुस्ती लावायला अध्यक्षांनी दोघींचे हात धरून एकमेकींच्या हातात द्यायचे असतात. मालकांनी लेकीचा हात धरला, मग माझ्या नातीचा. तिच्या तोंडाकडं मात्र बघितलं नाही.

आणि मग काय सांगू! खडाखडी झाली, एकीनं पट काढला, दुसरी आधीच मागं. दुसरीनं ढाक लावली, पहिली आधीच वाकलेली. एकीच्या मनात डाव यायचा आणि दुसरीच्या अंगात त्याची तोड. लोक म्हणायला लागले, "आरं, ह्या काय आरशात बघून खेळत्यात का?" मालक कडेला उभे राहून ओरडत होते, "पट काढ! पट काढ!" आता त्यांना कोण सांगणार की माझ्या नातीपुढं पटाची मात्रा चालत नाही, हे त्यांच्या लेकीला रोज सकाळी भुसकटात पडून कळलेलं आहे. मला हसू येत होतं.

पंच म्हणाले, "बरोबरीत सोडवावी." मालक म्हणाले, "न्हाई, निकाली हुंद्या."

तेवढ्यात नातीला डाव सापडला. ती बगलेतनं खाली शिरली, मालकाच्या लेकीला खांद्यावर घेतली आणि अशी उलटी टाकली की हलगीवालासुद्धा क्षणभर थांबला. आता फक्त खांदा दाबायचा राहिला होता. मी दोन्ही हात वर केले होते. पण तिचा हात खांद्यावर गेलाच नाही. तो गेला मालकाच्या लेकीच्या मानेखाली. डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून आईनं लेकरू पाळण्यात ठेवावं, तसा. तेवढ्यानं एक खांदा मातीपासनं उचललेला राहिला. मालकाची लेक वळली, अडकलेला हात तसाच धरून वर आली, आणि माझी नात चीत.

मैदान उसळलं. माझे हात वरच राहिले होते, ते हळूच खाली घेतले.

मालक गदा घेऊन पुढं आले. मीही गर्दीतनं वाट काढत पोचले. पाहते तर जिंकलेली पोरगी नाचायची सोडून मातीत बसलेली आणि हरलेलीला भांडत होती.

"माझ्या मानेखाली हात कावून घातलास गं?"

"सवयीनं."

"इथं मऊ माती हाय की!"

"ध्यानात कुठं ऱ्हातंय बाई त्या टायमाला."

"कसली सवय?" मालकांनी विचारलं.

दोघींनी माना खाली घातल्या. मग मीच म्हटलं, "मालक, आमच्या घरामागं मुरूम हाय. तिथं डोकं आदळलं की खोक पडती. म्हनून पाडनारी हात आधी मानेखाली घालती. माझी नात तुमच्या लेकीच्या, अन् तुमची लेक माझ्या नातीच्या."

"म्हंजी रनिंगला..."

"तितंच येत हुती."

मालकांनी नातीचा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला. मुठीच्या मागं सगळी सालटी गेलेली, काही वाळलेली, काही ओली. मग लेकीचा हात बघितला. तोही तसाच. मागनं लोक ओरडत होते, "गदा द्या, फोटू काढा." मालकांनी गदा लेकीच्या हातात दिली आणि निघून गेले. लेकीनं गदेचं दुसरं टोक माझ्या नातीला धरायला लावलं. त्या फोटोत दोघींची तोंडं मातीनं इतकी माखलीत की कोण कुठली ओळखू येत नाही.

घरी आल्यावर नातीनं दूधही घेतलं नाही. "आज्जे, मी हातानं घालवली. आता तालीम गेली." मी तिचा सुजलेला कान शेकत बसले. हात मागं घ्यायला हवा होता, असं माझ्या तोंडून येईना. ते मला वाटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. मालक! आमच्या दारात ते कधी आले नव्हते.

"पोरगी कुठाय?"

"झोपलीय. कान सुजलाय."

"उठवा. माझी पोरगी कवापासनं मॅटवर पाय पसरून बसलीय. हिला आनल्याबिगर खेळनार न्हाई म्हनती."

"लेक म्हनती म्हनून आलाव, का तुमच्या मनानं आलाव?"

मालकांनी रुमालानं मान पुसली. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा एवढा बारीक ऐकला. "मावशी, माझ्या पोरीची मान त्या हातावर हुती. मी समोर उभा हुतो."

नात आतनं ऐकतच होती. चूळ भरली न भरली, वेणी बांधत बांधतच बाहेर आली आणि विचारत बसली नाही, मोटारसायकलवर जाऊन बसली. मी म्हटलं, "थांब, च्या तरी पिऊ दे मालकाला." मालकांनी चहा उभ्याउभ्या घेतला. कप परत देताना म्हणाले, "घरी कामाला कवा येता? भाकरीचे लई हाल चाललेत."

"पोरीचं मिटलं. माझा रुसवा अजून निघायचाय," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"बघू. आधी बीडची निवड हुंद्या."

मालक हसले आणि किक मारली. ह्या वेळचं हसणं पार डोळ्यांपर्यंत गेलं होतं. मागं बसलेल्या नातीनं वळून माझ्याकडं बघितलं. मी हातानंच खूण केली: घट्ट धरून बस.