नार्सिसाच्या खिडकीखाली

वॉशिंग्टन तोमाला. नाव राष्ट्राध्यक्षाला शोभेल असं, पण माणूस इक्वेडोरातल्या ग्वायाकिल शहरच्या लागार्तेरावरचा गवई. लागार्तेरा म्हणजे आमच्या शहरातली ती गल्ली, जिथे गिटारवाले संध्याकाळपासून भिंतीला पाठ टेकून गिऱ्हाइकाची वाट बघत. कुणाची बायको रुसली, कुणाच्या आईचा वाढदिवस आला, की माणूस तिथे येई, भाव ठरवी आणि दोघातिघांना गाडीत कोंबून नेई. मध्यरात्र उलटली की खिडकीखाली गाणं सुरू.

या धंद्याचा कायदा एकच. तिसरं गाणं संपायच्या आत खिडकीत दिवा लागला तर गाणं पावलं. नाही लागला तर मुकाट्याने गाशा गुंडाळायचा. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही.

वॉशिंग्टनने जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांचे रुसवे काढले, स्वतःच्या बायकोचा तेवढा राहून गेला. नार्सिसा घरी शिवणकाम करायची. एके दिवशी पहाटे तो परतला, तर त्याची कपड्यांची पेटी जिन्यात ठेवलेली.

"गावभरच्या खिडक्यांखाली गात फिरतोस," ती दाराआडून म्हणाली. "माझ्या खिडकीखाली कधी उभा राहिलास? जा, तिकडेच झोप."

तो गेला. हट्टी दोघंही सारखीच.

तेव्हापासून तिच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री तो आपल्या जोडीदाराला, सेगुंदो यागुआलला, घेऊन तिच्या खिडकीखाली उभा राहू लागला. पहिली काही वर्षं खिडकी काळी ठिक्कर. मग एका वर्षी तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला दिवा लागला आणि हा बाबा भर रस्त्यात रडला. पुढे दिवा दरसाल लागायचा. हा मात्र जिना कधी चढला नाही.

"अरे, चढ की," सेगुंदो डिवचायचा. "दिवा काय माझं थोबाड बघायला लावते ती?"

"पुढच्या वर्षी."

भित्रा होता, दुसरं काय.

मग शहरात टोळ्या माजल्या, रोज कुठे ना कुठे मुडदे पडू लागले, आणि सरकारने रात्रीची संचारबंदी लावली. दहानंतर रस्त्यावर सापडाल तर आत. खोटं कशाला बोलू, पहिला आठवडाभर आम्हीही सुखाने झोपलो. पण टोळीवाल्यांना दिवस मोकळाच होता. ते दिवसा गोळ्या झाडू लागले आणि रात्र तेवढी आमची गेली. लागार्तेरा दिवेलागणीलाच ओस पडू लागली. कोवळी शिपाईपोरं गिटारीची पेटी उघडायला लावायची, आत हात घालून चाचपायची. पोट तर भरायला हवं, म्हणून गवई दुपारच्या जेवणावळींत भात आणि केक यांच्या मधे गाऊ लागले. ऐकतंय कोण?

त्याच वर्षी मुलगी मारित्सा फोनवर म्हणाली, आईला जिना चढवत नाही, दम लागतो. यंदा दिवा लागला की वर जायचं, असं वॉशिंग्टनने ठरवलं, आणि सेगुंदोला बोलूनही दाखवलं.

"वर जा, आनंदाने जा," सेगुंदो म्हणाला. "पण रात्री मी येणार नाही. मला अजून जगायचंय. दुपारी जाऊ."

चार वाजता गेले. खिडकी पश्चिमेची, ऊन थेट काचेवर. समोरचे लोक तमाशा बघायला बाहेर आले, कुणी मोबाइल धरला. वॉशिंग्टनने हॅट काढली आणि गायला. आवाज फाटत होता, तरी तिन्ही गाणी गायला. मग कपाळावर हात धरून वर पाहिलं. काच नुसती पांढरी.

"जा आता," सेगुंदो म्हणाला.

"दिवा नाही लागला."

"या उन्हात काय दिसणार आहे तुला? मुकाट वर जा."

"लागला असता तर दिसला असता. कायदा तो कायदा."

त्याने गिटार पेटीत ठेवली. इतकी वर्षं जो कायदा पाळला, त्याच्याच आड तो त्या दिवशी लपला असं मला वाटतं. महिन्याभरात नार्सिसा गेली.

आमच्याकडे मयताजवळ रात्रभर बसायची रीत. आता तीही दिवसावर आलेली. नार्सिसाच्या घरी दिवसाउजेडी मेणबत्त्या लावून लोक बसले आणि अंधार पडू लागला तशी अर्धी कॉफी तशीच टाकून उठू लागले. मारित्सा बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, त्या दिवशी वर का नाही आलात?"

"दिवा लागला नाही, पोरी."

तिने खिडकीतल्या दिव्याकडे बोट केलं.

"पहिल्याच गाण्याला लावला होता तिने. उन्हात दिसावा म्हणून दुकानातला सगळ्यात मोठा बल्ब आणायला लावला मला. मग दाराजवळ खुर्ची घेऊन बसली, जिन्याकडे कान लावून. काळोख झाला तेव्हा म्हणाली, विझव गं, बिल येतं."

दाराशी सेगुंदो घड्याळ दाखवत होता. "ऊठ, दहा वाजतील. मग जाता यायचं नाही."

"जायचं नाहीच मला," वॉशिंग्टन म्हणाला.

सेगुंदो गेला. थोड्या वेळाने गस्तीची गाडी भोंगा वाजवत खालून गेली आणि मारित्साने दाराला कडी घातली. जिथून त्याची कपड्यांची पेटी बाहेर निघाली होती, त्या घरात तो इतक्या वर्षांनी रात्र काढणार होता. मारित्सा दिवा मालवायला उठली.

"राहू दे," तो म्हणाला.

त्याने गिटार मांडीवर घेतली, तारांवर तळवा दाबला, आणि रस्त्यावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू नार्सिसाच्या कानाशी गाऊ लागला. तिसरं गाणं संपलं तसं सवयीने त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. तो मोठा बल्ब लख्ख जळत होता आणि खाली रस्त्यावर बघायला कुणीही नव्हतं.