नीता वर बघून चालते

न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला, नीताच्या घरी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ब्लू टॅकच्या चिकट गोळ्यावर बसलेला आहे. त्याच्या शेजारची अन्नपूर्णाही तशीच. रोज सकाळी देवांना आंघोळ घालायची म्हणजे आधी त्यांना जागेवरून सोलून काढावं लागतं. हे काम नीताच्या नवऱ्याकडे, चंद्रहासकडे आहे. "आपल्या घरातले देव कधी घर सोडून जाणार नाहीत, एवढं नक्की," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगतो. पाहुणे हसतात. नीता मात्र हसत नाही, कारण यात हसण्यासारखं काय आहे हे तिला अजून कळलेलं नाही. कपाटं भिंतीला स्क्रूनं जखडलेली, टीव्हीला पट्टा, लोणच्याच्या बरण्या अगदी खालच्या फळीवर आणि त्यांच्यापुढे आडवी दांडी. त्या घरात सुटं असं काही असेल, तर तो चंद्रहास.

नीता स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारती भूकंपात कितपत तग धरतील हे तपासून त्यांना टक्क्यांत मार्क द्यायचे, हा तिचा धंदा. न्यूझीलंडमध्ये नापास झालेल्या इमारतीला दारावर तशी पाटी लावून उभं राहावं लागतं. आपल्याकडे शाळेतल्या मुलांवरही एवढी वेळ येत नाही. पण नीताचं तपासणं ऑफिस सुटलं तरी सुटत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेली, तर आधी दुकानावरचा विटांचा कठडा बघणार. रोटोटुनात एका मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत होती. बाकीच्या बायका स्वयंपाकघराचं कौतुक करत होत्या आणि नीता गॅरेजमध्ये भिंतीवर टिचक्या मारत होती. तिनं "चांगलं बांधलंय" म्हटलं तेव्हा त्या मित्राला सत्यनारायण पावल्यासारखं वाटलं. माणसं रस्त्यानं खाली बघत चालतात, समोर बघत चालतात. नीता वर बघून चालते, त्यामुळे ठेचाही भरपूर खाते.

ही पूर्वी अशी नव्हती. सिद्धी, त्यांची एकुलती एक मुलगी, लहान असताना ते तिघं क्राइस्टचर्चला राहायचे. मोठा भूकंप झाला त्या दुपारी नीता शहरात ऑफिसात होती, चंद्रहास गावाबाहेर, कारण तो गवतावर संशोधन करतो आणि गवत गावाबाहेर असतं. सिद्धी शाळेत. फोन लागेनात, रस्ते गाड्यांनी तुंबलेले. नीता शाळेकडे चालत निघाली. जमिनीतून राखाडी चिखल वर आला होता, तो तुडवत, नदीवरचा पूल ओलांडून ती गेली. सिद्धी धडधाकट होती, मैदानावर इतर मुलांबरोबर बसलेली होती. पण ते कळेपर्यंतचा जो रस्ता होता, तो नीताच्या आत कायमचा राहिला. आपण इंजिनिअर झालो याचा तिला आयुष्यात एकदाच पश्चात्ताप झाला, तो त्या रस्त्यावर. शाळेचं छत किती तऱ्हांनी खाली येऊ शकतं, ते तिला सगळं पाठ होतं.

त्यानंतर त्यांनी ते शहर सोडलं आणि नीतानं पुन्हा तिथं पाऊल ठेवलं नाही. ठेवायची गरजही पडली नसती. पण सिद्धी फिजिओथेरपिस्ट झाली, नोकरी तिनं क्राइस्टचर्चला धरली आणि गेल्या वर्षी तिथंच घर घेतलं.

"आई, वेन आर यू कमिंग?" सिद्धी दर रविवारी विचारायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं अर्धी इंग्रजीत येतात. नीताकडे कारणांना तोटा नव्हता. कधी ऑफिसात ऑडिट, कधी विमानाचं भाडं, कधी चंद्रहासचं ब्लडप्रेशर, जे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. घराचे नकाशे आणि जमिनीचा रिपोर्ट मात्र तिनं मागवून घेतला आणि रात्रीच्या भाताबरोबर वाचून काढला. चंद्रहास दोनदा एकटा जाऊन आला. त्यानं फोटो आणले. फोटोत सिद्धी आपल्या बैठकीच्या खोलीत हसत उभी होती. नीतानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सिद्धीच्या डोक्यावरच्या कोपऱ्यात भेग आहे का ते पाहिलं. चंद्रहासला वाईट वाटलं, लेकीसाठीही आणि बायकोसाठीही. ती सिद्धीच्या घरी कधीच गेली नाही तर काय, हा प्रश्न त्याला पडू लागला होता.

युरोपची टूम त्याचीच. तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पाठीवर सॅक टाकून पालथे घातलेला माणूस. साठीच्या आत एकदा युरोपातलं एखादं जुनं शहर असंच सॅक टाकून, हॉस्टेलात राहून बघायचं, असं त्याच्या मनात होतं. "जुनं म्हणजे किती जुनं?" नीतानं संशयानं विचारलं. "सहा-सातशे वर्षं," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा उतरला. पण भूकंपाच्या नकाशात पोलंड कोरा आहे हे तिनं स्वतः शोधून काढलं, मग वॉर्सा ठरलं.

हॉस्टेल जुन्या शहराच्या अगदी पोटात होतं. चार मजले चढून गेल्यावर माळ्यावरची खोली, दुमजली पलंग. चंद्रहासला वरचा पलंग हवा होता, कारण त्याला आपण पंचविशीतले आहोत असं वाटत होतं. नीतानं पलंग हलवून पाहिला, सॅकमधून स्वतःचं पान्यांचं पाकीट काढलं आणि खोलीतले सगळे पलंग आवळले. खोलीतल्या दोन स्पॅनिश पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी चौकात पोहोचल्यावर चंद्रहास हरखला. पिवळी, गुलाबी, शेवाळी घरं, उंच उतरती छपरं, भिंतींवर नक्षी. एका दाराला हात लावून त्यानं डोळे मिटले. दाराचा फोटो काढून पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'चौदावं शतक. स्पर्शाला शब्द नाहीत.' नीता चौकाच्या अगदी मध्यावर, कुठल्याच भिंतीच्या टप्प्यात येणार नाही अशा जागी उभी होती. तिथून ती हलायला तयार नव्हती.

तेवढ्यात फुकटात शहर दाखवणारी गाइड मुलगी आली. तिनं सांगितलं की हे सगळं महायुद्धात जमीनदोस्त झालं होतं. जे दिसतंय ते नंतर लोकांनी पुन्हा उभं केलेलं आहे. जुन्या चित्रांवरून, मोजमापांवरून, आणि काही तर त्याच पडलेल्या विटांतून.

"म्हणजे हे दार?" चंद्रहासनं विचारलं.

"साधारण तुमच्या वडिलांच्या वयाचं," ती मुलगी गोड हसून म्हणाली.

चंद्रहास बसकण मारून पायरीवर बसला. तिकडे पुण्याच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडत होता आणि आता खरं सांगायचं कोणत्या तोंडानं? नीता मात्र उजळली. तिनं गाइडला बाजूला घेतलं. मजल्यांच्या लाद्या कशाच्या? नकाशे जपून ठेवलेत का? बांधकामाची सालं नक्की? त्या मुलीला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. नीता परत आली ती सरळ एका घराच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. भूकंपानंतर इतक्या वर्षांत चंद्रहासनं तिला जुन्या दिसणाऱ्या भिंतीला टेकलेली पाहिली नव्हती.

"फसवलं गं आपल्याला," तो म्हणाला.

"मला तर आवडलं," नीता म्हणाली. मग वरच्या खिडक्यांकडे बघत, पण या वेळी भेगा न शोधता, म्हणाली, "इथं सगळ्यात आधी परत राहायला कोण आलं असेल रे? आणि त्यांच्या आया काय म्हणाल्या असतील?"

चंद्रहास पायरीवरून उठला आणि तिच्याशेजारी भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

दुपारी ते एका लहानशा हॉटेलात जेवायला बसले. बिटाचं सूप आलं. चंद्रहासनं पहिला चमचा उचलला आणि पायांखालची जमीन गडगडली. ग्लास किणकिणले, टेबल थरथरलं. तळघरात कुणीतरी बिअरची रिकामी पिंपं घरंगळत नेत होतं, बाकी काही नाही. हॉटेलातल्या कुणी मानसुद्धा वळवली नाही. पण नीता टेबलाखाली होती. गुडघ्यांवर, पर्स काखेत, एक हात मानेवर, दुसऱ्या हातानं टेबलाचा पाय धरलेला. न्यूझीलंडमध्ये शाळेपासून शिकवतात तसं, अगदी पुस्तकी.

तिनं डोळे उघडले. शेजारच्या टेबलाखाली एक पांढऱ्या केसांची बाई तशाच पवित्र्यात बसली होती. फक्त तिच्या हातात कॉफीचा कप होता आणि त्यातला थेंबही सांडला नव्हता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"किया ओरा," बाईनं अस्सल न्यूझीलंडी नमस्कार केला.

नीताला जे हसू फुटलं ते आवरेना. "क्राइस्टचर्च?" तिनं कसंबसं विचारलं.

"यप. यू?"

"पामर्स्टन नॉर्थ. पण आधी क्राइस्टचर्च."

वरून चंद्रहासचा आवाज आला, "नीता, मी इथंच आहे हं, काळजी नको. पर्स वाचवलीस ना? मग झालं."

बाईचं नाव जॅनिस. शाळेत पोहायला शिकवून निवृत्त झालेली, आता एकटीच सॅक टाकून युरोप हिंडत होती. ती कॉफी घेऊन त्यांच्याच टेबलाशी आली. टेबलाखाली झालेली ओळख भराभर वाढते. ती म्हणाली, मी आमचं शहर एक दिवसही सोडलं नाही, आणि हादरा बसला तरी कॉफी टेबलावर सोडून कधी लपत नाही. नीताची मुलगी तिथंच राहते म्हटल्यावर तिला आनंद झाला. नीताही खुलली. घराचा पाया कसा आहे, लाकडाचा सांगाडा कसा बांधलाय, जमीन कशी पक्की केलीय, हे तिनं इतकं रंगून सांगितलं की सूप गार झालं.

"स्वीट अ‍ॅज," जॅनिस खुशीत म्हणाली. "आणि तिच्या खिडकीतून काय दिसतं?"

तिनं सहजच विचारलं होतं. घर कुठल्या भागात आहे याचा तिला अंदाज घ्यायचा होता. त्या घराचा खिळा न् खिळा नीताला माहीत होता. पण त्याच्या खिडकीतून काय दिसतं, हे तिला माहीत नव्हतं. पडद्यांचा रंगही माहीत नव्हता. एक वर्षभर लेकीनं घराबद्दल जे जे सांगितलं असेल, त्यातलं आपण काय ऐकलं? तिला लाज वाटली. खूप लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे संध्याकाळ झाली असताना, तिनं सिद्धीला फोन लावला. हॅलो नाही, काही नाही. "सिद्धी, तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"विच वन?"

"कुठलीही."

"किचनच्या विंडोतून सगळ्यात भारी दिसतं. पण मी नाही सांगणार. यू हॅव टु कम."

नीता मागं वळली. चंद्रहास दात घासत उभा होता. "ऑकलंडहून पुढची तिकिटं बदल," ती म्हणाली. त्यानं तोंडातला फेस तसाच ठेवून मान हलवली, कारण बोलायला गेलो तर हिचा विचार बदलेल अशी त्याला धास्ती होती.

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर सिद्धी घ्यायला आली होती. गाडीत नीता मुठी वळून बसली. शहराच्या मध्यातून जाताना तिनं एकदाच बाहेर पाहिलं. नव्या काचेच्या इमारती, मध्येच खडी टाकलेला रिकामा प्लॉट, परत नवी इमारत. तिला यातलं काहीच ओळखू येईना, आणि त्यामुळे थोडं बरंही वाटलं.

घर नदीच्या बाजूला, स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर. पडदे मोरपंखी होते. नीताचा हात सवयीनं दाराच्या चौकटीकडे गेला. सिद्धीनं तोच हात धरून तिला सरळ खिडकीपाशी नेलं.

खाली लांबवर गवत पसरलं होतं. मधूनमधून लिंबाची, सफरचंदाची झाडं होती, जिथं कधीकाळी लोकांची परसदारं होती. घरं भूकंपानंतर पाडून टाकलेली, झाडं तेवढी राहिलेली. मध्ये काहीच उरलं नसल्यामुळे नदीपर्यंत नजर जात होती आणि नदीवर एक साधा पूल होता. उजव्या हाताला सिद्धीच्या जुन्या शाळेचं मैदान. नीतानं पूल ओळखला. तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

"आम्ही सगळे तिथं ग्राउंडवर होतो," सिद्धी म्हणाली. "सगळ्यांचे मम-डॅड येत होते. आय वॉज सो स्केअर्ड, आई. आणि मग त्या ब्रिजवर तू दिसलीस. यू वर ऑल ग्रे. तुझा एक शूज नव्हता. तू खूप लांब होतीस, पण मी मिसला म्हटलं, दॅट्स माय मम. त्यानंतर मला भीती नाही वाटली. दुसऱ्या दिवशी हलत होतं तेव्हापण नाही."

चंद्रहासला एकाएकी बाहेरच्या खोलीत बॅगा लावायचं काम आठवलं.

"म्हणून मी हे घर घेतलं. फर्स्ट डेलाच तुला सांगत होते," सिद्धी म्हणाली. तक्रार नव्हती, ती हसतच होती. "बट यू वर आस्किंग अबाउट द फाउंडेशन."

त्या पुलावरून नीता इतकी वर्षं मनात चालत होती, आणि दर वेळी पलीकडे काय असेल ते तिला माहीत नसायचं. पलीकडून आपण कुणाला येताना दिसलो होतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. पुलावर आता एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. ती अलीकडच्या टोकाला पोहोचेपर्यंत नीता तिच्याकडे बघत राहिली.

"किती लांबून दिसतं गं इथून," ती म्हणाली, "येणारं माणूस."

"हो ना," सिद्धी म्हणाली.